टाकीला शेवटचा हात

ते एकोणीसशे एकाहत्तर साल होतं. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी टेलिफोन कचेरीनं भिंगरीला तिसऱ्यांदा विचारलं होतं, आणि चौथ्यांदा कुणी विचारणार नाही, हेही साहेबांनी तिला तोंडावर सांगून टाकलं होतं.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी आत्यानं ते ठेवलं आणि तिशी उलटली तरी ते अंगाला चिकटूनच राहिलं. नाव खोटं मात्र नव्हतं. बसल्या जागी तिचा पाय हले. दूध तापत ठेवलं की ती चारदा झाकण उचलून बघे. शिवण शिवायला बसली तर दोरा ओवायच्या आधीच सुई कापडात खुपसे. घरात ज्या गुणापायी बोलणी खाल्ली तोच कचेरीत कामाला आला. समोरच्या फळ्यावर दिवा पुरता लागायच्या आत तिचा हात जोडणीच्या दोरीपाशी पोचलेला असे, आणि पलीकडचा माणूस 'हॅलो' म्हणेपर्यंत हिनं दोन गावं जोडलेली असत. म्हणून मोठ्या शहरातल्या एक्स्चेंजमध्ये पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी तिची निवड झाली होती. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला हजर व्हायचं होतं.

आधी दोनदा ती नाही म्हणाली होती. घर तसंच होतं. आई जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. खालच्या खोल्यांत वडील. त्यांना चक्कर येई, एकदा न्हाणीघरात आणि एकदा भर रस्त्यात ते आडवे झाले होते. वरच्या मजल्यावर आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिचे गुडघे गेलेले, त्यामुळे तिचं सगळं जग म्हणजे वरची गॅलरी. एक खाली उतरू शकत नाही, दुसऱ्यानं वर चढू नये असं डॉक्टरांचं सांगणं. मधे जिना, आणि जिन्यावर दिवसभर भिंगरी.

"तू गेलीस की आम्ही दोघं दोरीला टोपली बांधून संसार करू," आत्या म्हणे. चेष्टेनंच म्हणे, पण भिंगरी दोन्ही वेळा नाही म्हणून आली होती. या खेपेला मात्र घरी न सांगता तिनं हो म्हटलं होतं.

आणि अशात धाकट्या भावाचं पत्र आलं. बोटीवरची नोकरी सोडतोय, महिनाअखेर घरी येतो. राहण्याचं बघू, जमलं तर.

धाकटा पाच वर्षांपूर्वी घरातून गेला होता. वडील लोखंडी कपाटांच्या कारखान्यात रंगखात्याचे मुख्य होते. त्यांनी शब्द टाकून मुलाला तिथंच चिकटवलं. मुलानं पहिल्या वर्षाच्या पगारातून काय केलं, तर भंगारातून एक जुनाट मोटारसायकल उचलून आणली. महायुद्धाच्या आधीची. मोठी थोरली, घोड्यासारखी. ती दुरुस्त करता करता त्याला इंजिनाचं वेड लागलं आणि एके दिवशी त्यानं कारखाना सोडून बोटीवरच्या इंजिनखोलीत नाव घातलं. बातमी कळली तेव्हा वडिलांच्या हातात हातोडी होती. मुलाला ते कसं मारणार? त्यांनी मोटारसायकलच्या टाकीवर हातोडी घातली. एकच घाव. टाकीच्या उजव्या अंगाला वाटी मावेल एवढा पोचा पडला. धाकट्यानं तो पोचा पाहिला. त्यानं पिशवी भरली, ताईच्या डोक्यावर टपली मारली आणि गेला. तेव्हापासून बाप-लेकांमध्ये ब्र नाही. पत्रं यायची ती ताईच्या नावानं. वडील ती वाचत नसत, पण ती वाचत असली की त्याच खोलीत काहीतरी शोधत राहत.

भिंगरीनं पत्र मिटलं आणि सरळ मागच्या शेडमध्ये गेली. गोणपाटाखाली गाडी होती. चाकांत हवा नाही, मडगार्डांना गंजाची लव, टाकीवर तो पोचा. तिच्या मनानं झटकन हिशेब मांडला: गाडी नवीन करायची. धाकटा आला की ती दारात उभी. बघून त्याचं मन फिरेल, तो राहील. तो राहिला की मी सुटले. यात भावाची माया किती आणि स्वतःची घाई किती, हे तिनं तेव्हा निवडत बसायचं टाळलं.

रविवारी सकाळी ती काळ्या रंगाचा डबा आणि एक ब्रश घेऊन शेडपुढे बसली आणि मडगार्डावर, गंजावरच, बचाबचा रंग फासायला लागली.

खिडकीतून वडील बघत होते, हे तिला ठाऊक होतं. तिनं तोंड मुद्दाम दुसरीकडे केलं.

थोड्या वेळानं चपलांचा आवाज आला.

"हे काय चाललंय?"

"रंग देतेय."

"गंजावर?"

"झाकला की झालं. कोण बघतंय?"

वडिलांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या देखत ताटात थुंकलं असावं. "खरजेवर पावडर लावतात का? आतून खात येईल तो. सहा महिन्यांत पापुद्रे सुटतील. आण तो ब्रश इकडे. इकडे आण म्हणतो ना!"

वरून आत्याचा आवाज आला, "अरे, तू कशाला खाली बसतोस? चक्कर येईल!"

"चक्कर हे बघून येतेय!"

भिंगरीनं ब्रश दिला आणि ओठ दाबून आत चहा टाकायला गेली. मासा गळाला लागला होता.

वडिलांनी गाडी सुटी केली. मडगार्डं, टाकी, साखळीचं झाकण, पुढच्या चाकाचा चिमटा, एकेक भाग उतरवून जुन्या चादरीवर ओळीनं मांडला. भोकं पडलेल्या पिंपात कॉस्टिक सोड्याचं पाणी करायचं ठरलं होतं, तर भोकं त्यांनी आधी डांबरानं बुजवली. त्या पाण्यात बुडवलं की जुना रंग शेवाळासारखा सुटून येई. मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, आधी जाड मग बारीक. उघडं पडलेलं लोखंड करड्या चांदीसारखं दिसू लागलं की मात्र त्याला उघडा हात लावायची कुणाला मुभा नव्हती. "हाताला घाम असतो. घामात मीठ असतं. आज बोट लावाल, वर्षानं रंगाखाली बोटाएवढा गंज निघेल." हातमोजे कुठून आणायचे? वडिलांनी पायातले जुने मोजे हातांत चढवले. भिंगरीलाही चढवायला लावले. वरून आत्यानं विचारलं, "उद्यापासून डोक्यानं चालणार वाटतं दोघं?"

कारखान्यात वडिलांची एक रीत होती, तिचा त्यांच्या हाताखालच्या माणसांना धाक असे. पत्रा घासून झाला की ते डोळे मिटत आणि हाताखाली पातळ फडकं धरून तळवा सावकाश पत्र्यावरून नेत. डोळ्याला न दिसणारा उंचसखल भाग त्यांना फडक्याखाली कळे. मग कपाट परत. आता तीच रीत शेडमध्ये सुरू झाली. भिंगरी कचेरीतून धावत येई आणि बघे तर सकाळी तयार झालेलं मडगार्ड पुन्हा घासायला घेतलेलं.

"काल झालं होतं ना हे?"

"मधे एक लाट होती."

"मला तर काही दिसत नाही."

"तुला कशाला दिसेल? तू थांबतेस कुठं?"

मडगार्डांना तांबड्या ऑक्साइडचा अस्तराचा हात बसला. वाळला. पाण्यानं घासला. पुन्हा दिला. दोन हातांच्या मधे एक पूर्ण दिवस जाऊ द्यायचा, हा त्यांचा नियम, आणि भिंगरीचा जीव त्या दिवसात खालीवर होई. ती शेडच्या दाराशी जाई, परत येई. बोट लावून बघायचा मोह होई, म्हणून हात पाठीमागे बांधून उभी राही. रात्री अंथरुणावर पडली तरी डोक्यात तारीख आणि तांबडा रंग. एकदा तर तिनं वडील झोपलेले पाहून मडगार्डावर काळ्या रंगाचा हात मारून टाकला, खालचं अस्तर अजून ओलसर असताना. संध्याकाळी रंगाला सुरकुत्या आल्या, तापलेल्या दुधावरच्या सायीसारख्या. वडिलांनी ते मडगार्ड उचललं, उजेडात धरलं आणि न बोलता पिंपात बुडवलं. चार दिवस मागे.

"ओरडा तरी," ती म्हणाली.

"ओरडून रंग वाळतो का?"

टाकीची गोष्ट वेगळी होती. टाकी त्यांनी आधी पाण्यानं भरभरून धुतली, पेट्रोलचा वास पार जाईपर्यंत. मग एक लोखंडी सळई तापवून वाकवली, टाकीच्या तोंडातून आत घातली आणि आतल्या बाजूनं तो पोचा बाहेर ठोकायला बसले. टुक टुक टुक. पाठ घरच्या माणसांकडे. भिंगरी म्हणाली, "एवढं कशाला? वरून लांबीचा लेप भरा आणि घासून टाका. बाजारात सगळे तेच करतात."

"बाजारात करू देत," वडील म्हणाले. "इथं भरायचं नाही."

दुपारभर ते टुक टुक चाललं होतं. पोचा जवळजवळ गेला. उजेड तिरका पडला तर एक हलकी सावली दिसे, तेवढीच. वडिलांनी फडकं धरून तळवा फिरवला, थांबले, पुन्हा फिरवला, आणि सळई खाली ठेवली.

महिन्याचे शेवटचे दिवस आले. मडगार्डं काळी झाली, टाकीला गडद हिरवा द्यायचा ठरला. रंगाच्या दिवशी वडिलांनी शेडमध्ये पाणी शिंपडून धूळ बसवली, दार लावून घेतलं, रंग मलमलीच्या फडक्यातून गाळला आणि हातपंपाच्या पिचकारीनं हात दिला. टाकी आढ्याच्या तुळईला तारेनं टांगलेली. ती अशी चमकली की शेडच्या खिडकीचे गज तिच्यात उभे दिसले. भिंगरीनं श्वास सोडला. धाकटा बुधवारी यायचा होता. हा शेवटचा हात, तोवर वाळेल, जोडणी होईल. तिची पेटी पलंगाखाली भरून तयार होती.

धाकटा त्याच दिवशी, रविवारी आला.

भिंगरी आणि वडील दोघंही शेडशी उभी होती आणि हा मागच्या गल्लीतून शीळ घालत आत. काळवंडलेला, खांद्यावर कॅनव्हासची थैली, गालांवर दाढी. भिंगरीनं किंचाळून नाव घेतलं. तो हसला, पण त्याची नजर तिच्या डोक्यावरून मागं, तुळईला लटकणाऱ्या हिरव्या टाकीवर गेली.

"अरे बापरे," तो म्हणाला, दोन ढांगांत आत गेला आणि त्यानं उजवा तळवा सरळ टाकीवर ठेवला. नेमका जिथं तो पोचा होता तिथं.

"हात!" वडील ओरडले.

पाच वर्षांतला तो पहिला शब्द.

धाकट्यानं हात काढला. टाकीवर पाचही बोटं उमटली होती, आणि त्याच्या तळव्याला हिरवा रंग. वरून आत्या ओरडत होती, "कोण आलं? अगं, कोण आलं ते सांगाल की नाही? मी इथं मरू का?"

"ओलं आहे अशी पाटी तरी लावायची," धाकटा शेवटी म्हणाला.

"पाच वर्षं पाटी लावून बसायचं होतं का?" वडील म्हणाले.

धाकट्यानं हिरव्या हाताकडे पाहिलं, मग टाकीकडे. "आत्ताच्या आत्ता थिनरनं पुसलं तर निघेल."

"पुसायचं नाही. खालचा हात विरघळेल. वाळू द्यायचं, मग पाण्यानं घासायचं."

"बोटीवर आम्ही पुसूनच..."

"ही बोट नाही."

"पाच वर्षं मी तिथं गंजच खरवडलाय. इंजिनाला हात लावायला मिळाला तो दोन वर्षांनी. आधी नुसता गंज आणि रंग, गंज आणि रंग. तुमच्या कारखान्यातून पळालो आणि त्यातच पडलो."

वडिलांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो खोकला होता की हसू, हे भिंगरीला ठरवता आलं नाही.

त्या दिवसापासून शेडमधून भांडणाचे आवाज येऊ लागले. पाणी कमी की जास्त, पेपर कितवा, पिचकारी किती अंतरावरून. जेवताना दोघं मुके, शेडमध्ये तोंडाला खळ नाही. आत्या म्हणाली, "दोन कोंबडे एका खुराड्यात. पण आवाज बरा वाटतो गं." सोमवारी टाकी घासली गेली, मंगळवारी पुन्हा हात बसला.

मंगळवारी संध्याकाळी भिंगरीनं धाकट्याला ओट्यावर गाठलं. तिला गुरुवारच्या गाडीनं निघायचं होतं.

"राहणार ना रे तू?"

तो कपात बघत राहिला. "ताई, खरं सांगू? माझ्या एका ओळखीच्यानं दुसऱ्या बंदरावर काम बघून ठेवलंय. गोदीत. गाडी झाली की तिच्यावरच बसून जाईन म्हणतो. बाबांनी केलीय झकास. परवा-तेरवापर्यंत होईल."

"आणि बाबा?"

"मला काही बोललेत का ते? राहा म्हणाले का? रंगाशिवाय एक शब्द नाही."

"मग तू बोल."

"मी तर आलो ना."

महिनाभर भिंगरीनं ज्या गाडीसाठी जीव आटवला, ती त्याला जायचं वाहन निघाली होती. म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी नव्हे, तिनं पळत्याला स्वतःच्या हातानं घोडा दिला होता. ती उठली, बसली, जिना चढून आत्याकडे गेली, काय सांगायचं होतं ते विसरली, खाली आली. पेटी पलंगाखालून ओढली, पुन्हा ढकलली. नको जायला. हो म्हटलंय. साहेब काय म्हणतील? म्हणू देत. वडील पडले तर? झोप अशी आलीच नाही.

उजाडलं तसं तिच्या मनानं एक गोष्ट घेतली. टाकीचा रंग अजून पुरता कठीण झाला नसेल. एक ओरखडा. नख नुसतं फिरवायचं. गाडी दोन दिवस अडेल. दोन दिवसांनी आणखी काही सुचेल. शरमेनं कान तापले, तरी पाय चालत होते.

शेडचं दार अर्धं उघडं होतं.

आत वडील बसले होते. टाकी तुळईवरून उतरवून मांडीवर घेतलेली, शेजारी पाण्याची बादली, हातांत ते मोजे. ओला पेपर टाकीवरून फिरत होता आणि हिरवं पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं. काल संध्याकाळी तिनं स्वतः पाहिलं होतं: त्या रंगात खोट नव्हती. खिडकीचे गज मोजता येत होते. आता त्या जागी मंद, आंधळं ठिगळ झालं होतं आणि खालून तांबडं अस्तर डोकावत होतं.

वडिलांनी वर पाहिलं. साखर खाताना सापडलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला.

"ओघळ होता," ते म्हणाले. "खालच्या बाजूला."

काल धाकटा बोलला तेव्हा ओट्यामागची खिडकी उघडी होती, हे तिला तेव्हा आठवलं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग आपल्या उजव्या हाताकडे तिचं लक्ष गेलं. नख अजून पुढेच होतं. तिनं मूठ मिटली.

"हो," ती म्हणाली. "मलाही दिसला होता. मोठा होता."

"निदान आठ दिवस मोडतील."

"मोडू देत. आठात थोडंच होणार? मडगार्डात पण लाट आहे एक. मागच्या."

वडिलांनी पेपर बादलीत बुडवून झटकला. "तुझी गाडी किती वाजताची?"

तिनं त्यांना जायचं सांगितलंच नव्हतं. बुधवारी धाकटा आला की सांगायचं, असं ठरवलं होतं. पलंगाखालची पेटी मात्र घरात राहणाऱ्याला दिसणारच.

"उद्या सकाळची," ती म्हणाली. मग म्हणाली, "चक्कर आली तर?"

"तो आहे ना. बोटीवर राहिलेला माणूस. हलत्या जमिनीवर उभं राहायची सवय आहे त्याला."

इतक्यात धाकटा डोळे चोळत दारात आला, बादलीतलं हिरवं पाणी त्यानं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "बाबा! काय केलंत हे? चांगला होता ना तो!"

"तुला काय कळतं? बस इथं. तो दुसरा मोजा चढव."

"मी नाही पायातला मोजा हातात घालणार."

"मग घाम लागेल. गंज येईल."

धाकट्यानं मोजा उचलला, हुंगला, तोंड वाकडं केलं आणि हातात चढवला.

भिंगरी गुरुवारी गेली. स्टेशनवर धाकटा पोचवायला आला, पायीच. गाडी कुठं तयार होती? डब्याच्या खिडकीशी उभा राहून म्हणाला, "तुझं बरंय, सुटलीस. म्हातारा मला आठ दिवस घासायला लावणार." गाडी हलल्यावर तिला पहिल्यांदाच जाणवलं, की आपला पाय स्थिर आहे. पुढच्या स्टेशनापर्यंतच राहिला तो तसा, नाही असं नाही.

ते आठ दिवस तीन वर्षं चालले. गोदीतलं काम दुसऱ्या कुणाला मिळालं. धाकट्यानं शेडलाच दार मोठं करून डेंटिंग-पेंटिंगचं दुकान काढलं. लोकांच्या गाड्या वेळेवर होत, आपली तेवढी होत नसे. आत्यानं वरून धमकी दिली, की मी मरायच्या आत ती उभी राहिली नाही तर भंगारवाल्याला बोलावते, तेव्हा कुठं ती जोडली गेली. धाकट्यानं वडिलांना मागं बसवून न्हाव्याच्या दुकानापर्यंत नेऊन आणलं. परत आल्यावर वडिलांना पुढच्या मडगार्डात धुळीचा कण सापडला आणि दुसऱ्या दिवशी ते उतरवलं गेलं.

आत्या त्यानंतर दोन वर्षांनी गेली, गॅलरीतल्या खुर्चीतच, कुणाला तरी हाक मारता मारता. वडील चांगले ऐंशीच्या पुढं जगले. चक्कर पुन्हा आली, पण प्रत्येक वेळी जवळ कुणीतरी होतं. 'तू इथंच राहा' असं ते मुलाला अखेरपर्यंत म्हणाले नाहीत. धाकट्याचं लग्न झालं, दुकान आता त्याची मुलगी बघते. ती मशीनच्या पिचकारीनं रंग देते आणि भट्टीत वाळवते. पत्रा मात्र डोळे मिटून, फडक्याखालीच तपासते. टाकीवरची ती हलकी सावली कुणीच लांबी घालून भरली नाही.

भिंगरी पर्यवेक्षिका झाली, पुढं त्या एक्स्चेंजची मुख्यही. तिथल्याच एका शांत स्वभावाच्या लाईनमनशी तिनं लग्न केलं. तो गेला, मुलं पांगली. ती त्याच शहरात, त्याच घरात आहे. गेल्या वर्षी मुलानं दाराला नवा रंग देववला आणि दोन दिवस हात लावू नकोस म्हणून बजावून गेला. दारावर कडीच्या जरा वर, रंगात एक अंगठा नीट उमटलेला आहे.